दीड लाखाचा कॉम्प्युटर आणि अडीच हजारांचा एसएमपीएस

हॉस्टेलवर दरवर्षी दोन सीझन येतात. एक सबमिशनचा आणि दुसरा 'नवीन पीसी घ्यायचाय, काय घेऊ?' या प्रश्नाचा. दुसरा सीझन साधारण ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की सुरू होतो. मग रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी रूमवर बैठक भरते, प्रत्येकजण मोबाईलवर एकेक व्हिडिओ दाखवतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची यादी फायनल होते.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या रूमवर अशीच बैठक भरली होती. आवाज माझा मोठा होता.

माझा रूम पार्टनर कागल तालुक्यातला, मेकॅनिकलचा. घरची अडीच एकर ऊसशेती. वडिलांनी दीड लाख रुपये दिले आणि एकच वाक्य बोलले, "चार वर्षं परत मागायचं नाही." तो मला म्हणाला, "भावा, तू सांग कुठलं घ्यायचं ते. मला त्यातलं काय कळत नाही. गेम पण चालली पाहिजे आणि प्रोजेक्ट पण." मी छाती फुगवून यादी लिहून दिली. सर्वात महाग जे परवडेल ते ग्राफिक कार्ड, १६ जीबी मेमरीचं. बाकी सगळं 'ॲडजस्ट' केलं. रॅमची १६ जीबीची एकच स्टिक. एसएमपीएस दुकानदाराने सुचवला तो, अडीच हजारांचा. मॉनिटर घरचा जुनाच. मशीन चालू झालं, काचेतून लाल-निळे दिवे लागले, अख्खा मजला बघायला आला. "नाद खुळा मशीन!"

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा लेख कशासाठी ते सांगतो. ती यादी करताना मला पार्ट्सची नावं सगळी पाठ होती, पण एक पार्ट दुसऱ्यासाठी किती वेळ थांबतो हे माहीत नव्हतं. कॉम्प्युटर निवडताना सगळा खेळ तिथंच आहे.

कारखान्याच्या गेटवरची रांग

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या बाहेर ऊसगाड्यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. रांगेत आणखी दोनशे गाड्या आणून उभ्या केल्या म्हणून साखर जास्त निघत नाही. आणि उलट, गाळप क्षमता दुप्पट केली पण ऊसतोडीच्या टोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर मिल रिकामी फिरते.

गेममध्ये नेमकं हेच होतं. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी हिशेब करतो: कोण कुठं आहे, गोळी कुणाला लागली, कुठल्या वस्तू काढायच्या. ही यादी तो ग्राफिक कार्डाकडे पाठवतो आणि कार्ड चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो. म्हणजे दोघांच्या वेळेची बेरीज होत नाही. ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यावर वेग ठरतो.

आकडे घेऊ. समजा प्रोसेसरला एका फ्रेमला ५ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. सेकंदाला फ्रेम किती? १००० भागिले १४, म्हणजे साधारण ७१. आता पंचवीस हजार जास्त देऊन दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला. त्याला अडीच मिलिसेकंद लागले. फ्रेम किती? तरीही ७१! पैसे गेले, हाती काही आलं नाही. त्याऐवजी कार्ड असं घेतलं की ते ७ मिलिसेकंदात रंगवेल, तर फ्रेम होतात १४२.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या मशीनमध्ये कोण थांबवतंय हे ओळखायचं कसं? सोपं आहे. गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं. वाढल्या नाहीत तर प्रोसेसर. ही चाचणी फुकट आहे आणि नवीन काही घेण्याआधी प्रत्येकाने करावी अशी आहे.

यादीची सुरुवात मॉनिटरपासून

बहुतेकजण मॉनिटर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. मीही तेच केलं. खरं तर तो पहिला ठरवायला हवा, कारण कार्डाला काम किती पडणार हे मॉनिटर ठरवतो.

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. फोर-के वर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. शिवाय मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो हेही बघायचं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. मशीन १५० फ्रेम काढत असलं तरी तुमच्या डोळ्यापर्यंत ६० च पोचतात. माझ्या पार्टनरचा घरून आणलेला मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्झचा होता. त्याच्यावर ते महागडं कार्ड लावणं म्हणजे पैलवानाला पेन्सिल उचलायला लावणं.

गेम आणि काम दोन्हीसाठी २७ इंची, १४४० रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर हा मध्यम मार्ग मला पटतो. कॅडमध्ये एकीकडे मॉडेल, दुसरीकडे ट्री आणि ड्रॉइंग ठेवायला जागा मिळते, आणि कार्डावर फोर-के इतका भारही पडत नाही.

'काम' म्हणजे नक्की कुठलं काम?

'गेमिंग आणि वर्क' असं आपण एका दमात म्हणतो. पण आमच्या हॉस्टेलवर मेकॅनिकलवाल्याचं काम वेगळं, कॉम्प्युटरवाल्याचं वेगळं आणि सिव्हिलवाल्याचं वेगळं.

सॉलिडवर्क्स किंवा तत्सम कॅडमध्ये पार्ट मॉडेल करताना फीचर एकामागून एक बनतात. आधी एक्स्ट्रूड, मग त्यावर होल, मग फिलेट. होल झाल्याशिवाय फिलेट करता येत नाही, म्हणून इथे सोळा कोअर असले तरी बरंचसं काम एकच कोअर करतो. त्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

ॲनालिसिसचं उलट. तिथे लाखो समीकरणं एकदम सोडवायची असतात. कोअर कामाला येतात, पण त्याहून जास्त लागते रॅम. सॉल्व्हरला सगळं गणित रॅममध्ये मावलं तर ठीक. नाही मावलं तर तो अर्धवट आकडे डिस्कवर लिहून ठेवतो, परत वाचतो, परत लिहितो. मग मिनिटांचं काम तासांवर जातं.

आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत फाउंड्री भरपूर. कास्टिंग ओतण्याआधी धातू कुठे उशिरा थिजेल, पोकळी कुठे राहील हे कॉम्प्युटरवर बघण्याची पद्धत आता रुळली आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेलं ऑटोकास्ट हे त्यातलं आपल्या मातीतलं सॉफ्टवेअर. इंटर्नशिपला जाणाऱ्यांनी तिथल्या माणसाला एवढंच विचारावं, "तुमच्या मशीनला रॅम किती?" उत्तर ऐकून आपली यादी आपोआप बदलेल.

थ्रीडी रेंडरिंग आणि मशीन लर्निंगवाल्यांना मात्र ग्राफिक कार्ड खरोखर लागतं, आणि त्यातही कार्डावरची मेमरी. मॉडेल त्या मेमरीत मावलं तर काम होतं, नाही मावलं तर एरर येते. इथे एक सापळा आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय हे एप्रिल २०२५ मध्ये आलेलं कार्ड एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत विकलं गेलं. नाव तेच, म्हणून स्वस्त दिसतं ते उचललं की फसलात. बॉक्सवर मेमरीचा आकडा वाचायचाच.

आणि ज्यांचं काम वेब डेव्हलपमेंट, जावा, पायथन, रिपोर्ट टायपिंग एवढंच आहे त्यांनी 'प्रोजेक्टला लागतंय' असं घरी सांगून महागडं कार्ड घेऊ नये. गेमसाठी हवं असेल तर सरळ गेमसाठी म्हणून सांगा. घरच्यांना कळतंच!

प्रोसेसर: कोअर किती, कॅश किती?

जीन ॲम्डालने १९६७ मध्ये एक मुद्दा मांडला, तो आपल्याला पेपरात येतो आणि आपण विसरतो. एखादं काम दहा तासांचं आहे आणि त्यातला एक तासाचा भाग एकामागून एकच करावा लागतो. उरलेले नऊ तास हवे तेवढे कोअर लावून वाटून घ्या, तरी काम एका तासाच्या आत कधीच संपणार नाही. म्हणून 'जास्त कोअर म्हणजे जास्त वेग' हे अर्धंच खरं आहे.

गेममध्ये आठ चांगले कोअर सहसा पुरतात. तिथे जास्त फरक पाडते ती कॅश. मिसळवाल्याकडे सकाळच्या गर्दीत बघा. कट, फरसाण, कांदा, लिंबू सगळं हाताच्या अंतरावर. प्रत्येक प्लेटला माणूस आतल्या खोलीत कांदा आणायला गेला तर रांग रस्त्यावर येईल. कॅश म्हणजे हाताशी ठेवलेलं सामान, रॅम म्हणजे आतली खोली. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला आठ कोअरचा प्रोसेसर ९६ एमबी एल-थ्री कॅशच्या जोरावरच गेमिंगमध्ये गाजला. रेंडरिंग आणि मोठं कंपायलिंग करणाऱ्याला त्याच कंपनीचा सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स जास्त उपयोगी. दोन्ही हवं असेल तर २०२५ च्या मार्चमध्ये आलेला ९९५०एक्सथ्रीडी आहे. पण तो घ्यायच्या आधी आपलं काम खरंच सोळा कोअर वापरतं का हे लॅबमध्ये टास्क मॅनेजर उघडून बघा.

मदरबोर्डचं एकच सांगतो. सॉकेट बघून घ्या. एएमडीचं एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि २०२७ व पुढेही त्याला साथ देऊ असं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याचा अर्थ असा, की आज मध्यम प्रोसेसर घेऊन नोकरी लागल्यावर त्याच बोर्डवर वरचा बसवायची वाट उघडी राहते. चाळीस हजारांचा बोर्ड घेऊन कुणाची फ्रेम वाढलेली मी पाहिली नाही.

रॅम: एकाच्या ऐवजी दोन

डीडीआर-५ ची ६००० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त ४८ जीबी डेटा देऊ शकते. तशाच दोन स्टिक योग्य खाचांत लावल्या तर ९६. म्हणजे १६ च्या एका स्टिकपेक्षा ८ च्या दोन, आणि ३२ च्या एकीपेक्षा १६ च्या दोन चांगल्या. आणि लावल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करायला विसरू नका. ते केलं नाही तर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम कमी वेगावर निवांत चालत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

किती घ्यायची? गेम आणि साधारण कॅडला ३२ जीबी. ॲनालिसिस, मोठी असेम्ब्ली, व्हर्च्युअल मशीन असेल तर ६४. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, आणि जुन्या व्हिडिओंतली बजेटं एकदम खोटी ठरली. अशा वेळी युक्ती अशी: चार खाचांच्या बोर्डवर १६ च्या चार लावण्याच्या नादाला लागू नका, चार स्टिकवर डीडीआर-५ चा वेग अनेकदा खाली आणावा लागतो. दोन मोठ्या घ्या.

एसएसडीबद्दल थोडक्यात. हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आलात तर सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास असलेला वेग साडेपाचशेच्या आसपास जातो आणि फरक लगेच जाणवतो. त्यापुढे चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजारांपर्यंत जाते. पाचव्या पिढीची त्याहून वेगवान, पण गेम लोड होताना तो फरक घड्याळ लावूनच दिसतो. तो पैसा रॅममध्ये घाला.

जो दिसत नाही तो एसएमपीएस

आता मुख्य गोष्ट. एसएमपीएस बाहेरून दिसत नाही, त्याचे फ्रेम वाढत नाहीत, मित्रांना दाखवता येत नाही. म्हणून पैसे तिथे कापले जातात.

प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. म्हणून बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट न बघता बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा. ६२ अँपिअर असतील तर ७४४ वॅट. तो खरा साडेसातशेचा. '५०० वॅट' छापलंय आणि १२ व्होल्टला २४ अँपिअर असतील तर होतात २८८. उरलेले वॅट छापखान्यातले!

हिशेब करू. आरटीएक्स ५०७० टीआयला ३०० वॅट. ९८००एक्सथ्रीडी पूर्ण भारावर १६० च्या आसपास. पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ८० धरा. झाले ५४०. शिवाय आधुनिक कार्डं काही मिलिसेकंदांसाठी ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज खेचतात. म्हणून इथे चांगल्या कंपनीचा ७५० वॅटचा एसएमपीएस हवा. '८० प्लस' ची खूण बघा, पण ती वीज किती वाया जात नाही एवढंच सांगते. आतले संरक्षण किती चांगले आहे हे नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. ज्या कंपनीला सात-दहा वर्षांची वॉरंटी द्यायची हिंमत आहे तिने आत काहीतरी नीट घातलेलं असतं.

कार्डाची नवी सोळा पिनांची वायर पूर्ण आत बसली की नाही हेही बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या वेळी अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या.

आणि यूपीएस. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाईट कशी लपंडाव खेळते ते सांगायला नको. पण '६०० व्हीए' म्हणजे ६०० वॅट नव्हे. साध्या यूपीएसला ते ३६० च्या आसपास असतात. ५४० वॅटच्या मशीनला तो लावला तर लाईट जाण्याच्या क्षणी यूपीएसच आधी मान टाकतो. या मशीनला १.५ केव्हीएच्या आसपासचा लागतो.

रेक्टर सरांच्या माहितीसाठीही एक हिशेब. मशीन ५०० वॅटवर चार तास चाललं तर दोन युनिट. सहा अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. मशीन, मॉनिटर आणि त्याच एक्स्टेंशनवर पाणी तापवायची कॉइल लावली की एमसीबी पडणारच. तेव्हा मित्रहो, कॉइल तरी सोडा!

वारा, धूळ आणि पंचगंगा

काचेचा समोरचा दर्शनी भाग देखणा दिसतो, पण वारा आत जायला जागाच नसते. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या रूममध्ये काय तापमान असतं ते आपल्याला माहीत आहे. समोर जाळी, पुढून वारा आत, मागून बाहेर, आणि दर दोन महिन्यांनी फिल्टर साफ. चांगला एअर कूलर आठ कोअरच्या प्रोसेसरला पुरतो. लिक्विडचा पंप बिघडण्याची चिंता डोक्याला नको.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनो, मशीन जमिनीवर ठेवू नका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. म्हणूनच सेकंडहँड पार्ट घेताना स्क्रूच्या डोक्यावरचा गंज, खाचांतला वाळलेला गाळ बघा. पुरात भिजलेला बोर्ड वाळवल्यावर चालतो, पण किती दिवस हे कुणी सांगू शकत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर जुने घेतानाही जपून. त्यातल्या अनेकांना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास झाला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड आला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षं वाढवली. बायोस अपडेट केलेलं होतं का, ते विचारा.

खरेदी राजारामपुरी-शाहूपुरीत करा, पुण्यात करा, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा. हजार रुपये वाचवताना एवढं बघा, की पार्ट बिघडला तर तो घेऊन तुम्हाला कुठवर जावं लागेल. पक्कं जीएसटी बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर, आणि सील न फोडलेले बॉक्स. बिलाशिवाय स्वस्त मिळालेल्या पार्टची वॉरंटी दुकानदाराच्या मूडवर असते.

रुपयातले पैसे

भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून रकमा न देता रुपयाची वाटणी देतो. गेम आणि काम निम्मं-निम्मं असणाऱ्यासाठी, मॉनिटर आणि यूपीएस सोडून: ग्राफिक कार्ड ४० पैसे, प्रोसेसर १८, रॅम १४, बोर्ड १०, एसएसडी ७, एसएमपीएस ६, कॅबिनेट आणि कूलर मिळून ५. झाला रुपया. ॲनालिसिसवाल्यांनी कार्डातले दहा पैसे काढून रॅम आणि प्रोसेसरमध्ये घालावेत. रेंडरिंगवाल्यांनी उलट. पण एसएमपीएसचे सहा पैसे कुणीही कापू नयेत.

आपल्या पुण्यात हाच विचार मोठ्या प्रमाणावर झाला होता. प्रगत सुपरकॉम्प्युटर परदेशातून सहजासहजी मिळत नव्हते, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यात एकच राक्षसी प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या चिप्स त्यांनी एकमेकींना जोडल्या. त्या प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार वाटा होत्या. ताकद एकट्या चिपची नव्हती. कामाची वाटणी आणि चिपांमधली जोडणी नीट होती म्हणून मशीन चाललं.

आणि आमचं मशीन?

सांगायचं राहिलं. शेवटच्या वर्षी पार्टनरने पंपाच्या बॉडीचं स्ट्रेस ॲनालिसिस घेतलं, कॉलेजच्या लायसन्सवर. १६ जीबी रॅम पहिल्या दहा मिनिटांत भरली आणि डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांवर चिकटला. रात्रभर चालू ठेवायचं ठरलं. आठ तास झाले होते. पहाटे मला झोप येत नव्हती, तो झोपला होता, म्हटलं मागे सॉल्व्हर चालू राहील, आपण जरा गेम लावू. कार्डाने वीज खेचली, टक् असा आवाज आला आणि सगळे दिवे गेले. एसएमपीएस परत चालू झालाच नाही. बोर्ड वाचला ते नशीब. आठ तासांचं सोल्यूशन मात्र गेलं, आणि दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू होता.

तेच मॉडेल आम्ही लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर लावलं. ग्राफिक कार्ड अगदी साधं, दिवे नाहीत, कॅबिनेटला धूळ. पण रॅम ६४ जीबी. दोन तासांच्या आत रिझल्ट पडद्यावर. आम्ही दोघं त्या धुळकट डब्याकडे बघत बसलो.

तो मला एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी फक्त म्हणाला, "पप्पांना सांगू नको. मेसमधनं वाचवून नवीन एसएमपीएस घेतो." त्यातले निम्मे मी दिले. यादी माझी होती.

तेव्हा पुढच्या वेळी रात्री अकराची बैठक भरली, की ज्याला मशीन घ्यायचंय त्याला आधी तीन गोष्टी विचारा. दिवसभर काय चालवणार? पडदा कुठला? आणि त्या कामात आज कोण कुणासाठी थांबतंय? उत्तरं मिळाली की मगच कागद-पेन घ्या. आवाज मोठा असलेल्याला तेवढ्या वेळात चहा आणायला पाठवा.